आधी नावं वाचा

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. नियम त्यांचाच आहे. नाव लिहायचं तर काम केलेल्या सगळ्यांचं लिहायचं, नाहीतर कुणाचंच नाही, असं ते म्हणत. या हकिकतीत थोडं काम माझंही आहे, आणि माझं नाव मी कुठे छापायला देत नाही. तेव्हा त्यांचंही राहिलं. मुरबाडात सगळे त्यांना मास्तर म्हणत, तेवढ्यावर भागेल. पाठीमागे ‘वेडे मास्तर’ म्हणत. परवा एका लग्नात मुरबाडचे कोणी भेटले आणि त्यांची आठवण काढून हसायला लागले. मी तिथे काही बोलले नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मास्तर मूळचे मुंबईचे. तिथे कार्टूनची चित्रं काढण्याच्या एका लहानशा कारखान्यात ते होते. कारखाना हा शब्दही त्यांचाच. तो बंद पडल्यावर ते शहापूरच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायला आले. शाळेची रीत अशी की मुलांनी सुरई काढायची आणि शेजारी दोन आंबे. मास्तरांनी चाळीस मुलांना चाळीस कावळे काढायला लावले. प्रत्येकाचा पंख आधीच्यापेक्षा जरासा वर किंवा जरासा खाली. मग चाळीस कागद एकत्र धरून अंगठ्याने सोडले, तर कावळा उडाला. हेडमास्तरांनी विचारलं, “छान. आता मार्क कोणाला द्यायचे?”

“चाळिसांना,” मास्तर म्हणाले. “एकाचा कागद काढून बघा, कावळा लंगडतो.”

त्या वर्षअखेर त्यांनी शाळा सोडली आणि ते मुरबाडला भाताच्या गिरणीमागच्या खोलीत राहायला आले. मुरबाडच का, असं विचारलं की सांगत, “इथे रेल्वे नाही. परत बोलवायला सहज कोणी येत नाही.”

माझे वडील मुरबाडला तालुका कचेरीत अव्वल कारकून होते. मी मात्र वाढले मुंबईत मामाकडे, नन्सच्या इंग्रजी शाळेत. मॅट्रिक होऊन घरी परतले तेव्हा माझं मराठी पाहुण्यासारखं होतं, स्वच्छ आणि अवघडलेलं. गावात माझ्याशी कोणी बोलू लागलं की मी आईच्या मागे सरकत असे. दिवसभर खिडकीशी बसून लोक पाहायचे, एवढाच माझा उद्योग. आपण फार बारकाईनं पाहतो असा मला त्या काळी गर्व होता.

मास्तर एक दिवस आमच्या ओटीवर आले आणि वडिलांना म्हणाले, “तुमच्या मुलीला इंग्रजी येतं म्हणे. मला काही नावं तपासून हवी आहेत.”

बगलेत एक जाड वही होती. ती उघडली तर पानोपानी परदेशी नावं, देवनागरीत, पेन्सिलीनं. काही अर्धीच. काहींपुढे प्रश्नचिन्ह. मला वाटलं मिशनची किंवा बोटीची यादी असेल.

ती कार्टून काढणाऱ्यांची नावं होती. कल्याणच्या थेटरात मुख्य पिक्चरच्या आधी एखादं विलायती कार्टून दाखवत, सात-आठ मिनिटांचं. मास्तर तेवढ्यासाठी एसटीने कल्याणला जात, तिकीट काढत, कार्टून पाहत आणि मुख्य पिक्चर सुरू झाला की उठत. डोअरकीपर म्हणे, “अहो, पिक्चर आत्ता लागतोय.” मास्तर म्हणत, “माझा संपला.” सुरुवातीला नावांची पाटी येई ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत जाई, म्हणून एकेका कार्टूनला त्यांच्या चार-पाच खेपा होत. एका खेपेत दोन नावं टिपायची.

“उंदीर साऱ्या जगाला माहीत आहे,” ते मला म्हणाले. “ससा माहीत आहे, बदक माहीत आहे. कारखान्याचा मालकही माहीत आहे. पण त्या उंदराचा डावा पाय कोणी काढला? तो पाय आपोआप उचलला गेला का?”

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी स्पेलिंगं जुळवू लागले आणि पुढे पत्रंही लिहू लागले. अमेरिकेतल्या एका मोठ्या कारखान्याला आम्ही पत्र पाठवलं होतं. अमक्या कार्टूनमध्ये मांजर भिंतीवर आपटून पापडासारखं चपटं होतं, त्या दोन सेकंदांची चित्रं कोणाची, कृपया कळवावं. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं. जाड पाकिटात एक रंगीत छापील चित्र आणि खाली मालकाची झोकदार सही. मी हरखले. मास्तरांनी सही उजेडात धरली, डोळे बारीक केले.

“हीसुद्धा पगारी माणसानं काढलेली आहे,” म्हणाले. “मालकाला एवढी चांगली रेघ येत नाही.”

पुढे ते चित्र घडी घालून त्यांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेलं. टेबल डुगडुगायचं थांबलं, हे मला मान्य केलं पाहिजे.

त्यांच्या गळ्यात शर्यतीत वापरतात तसं एक घड्याळ असे, कळ दाबली की सुरू होणारं. त्यानं ते माणसं मोजत. एसटी स्टँडवर बाकावर बसायचे आणि उतरणाऱ्यांची पावलं मोजायचे. टोपलीवाली किती वेळात वाकते, पेन्शनर किती वेळात उठतो. एकदा एका म्हाताऱ्यानं तंबाखूची पिंक टाकली. मास्तर उठून त्याच्यापाशी गेले. “आजोबा, पुन्हा एकदा थुंका. माझी कळ चुकली.”

म्हातारा म्हणाला, “आता येयाची नाय रे. जेवल्यावर ये.”

मास्तर खरंच जेवणानंतर गेले.

एवढ्यावर असतं तर लोकांनी खपवून घेतलं असतं. पण मामलेदारसाहेब कचेरीच्या पायऱ्यांवर शिंकले तेव्हाही यांनी त्यांना थांबवलं आणि सर्वांदेखत सांगितलं की साहेब, आपली शिंक तीन टप्प्यांत येते, फार उपयोगी शिंक आहे, पुढची आली तर निरोप पाठवा. वडील त्या दिवशी घरी आले ते थेट मोरीवर जाऊन हातपाय धूत बसले, बराच वेळ.

तरी त्यांनी मला गिरणीत जायला मनाई केली नाही. आई करत असे. “तिथे रोज करतेस काय?” असं विचारी. मी म्हणे, “रेघा मारते.” ते खरंच होतं.

मुंबईच्या एका सरकारी कचेरीनं मास्तरांना काम दिलं होतं. भात ओळीत लावावं, दोरी धरून, जपानी पद्धतीनं, हे शेतकऱ्यांना पटवून देणारं तीन मिनिटांचं कार्टून. ते प्रचाराच्या मोटारीतून गावोगाव दाखवणार होते. चित्रं मास्तरांनी इथे काढायची, कॅमेऱ्याखाली ती मुंबईत जाणार. कोणती हालचाल दाखवायची त्याची सहा छोटी चित्रं कचेरीनंच पाठवली होती.

कामाची रीत अशी. बाई रोप लावते, तर हात वर असतानाचं पहिलं चित्र आणि रोप चिखलात गेल्यावरचं शेवटचं चित्र मास्तर काढत. त्यांना ते टोकं म्हणत. दोन टोकांच्या मधली सहा-सात चित्रं माझी. फळीवर दोन खिळे, प्रत्येक कागदाला दोन भोकं, म्हणजे कागद हलत नाही. फळीच्या मध्ये काच बसवलेली, काचेखाली आरसा तिरका ठेवलेला, खिडकीतलं ऊन त्यावरून वर येई आणि खालच्या चित्राची रेघ वरच्या कागदावर दिसे. ढग आला की सुट्टी.

“सेकंदाला चोवीस चित्रं लागतात,” मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं. “श्रीमंत कारखाने चोवीस काढतात. आपण एकेक चित्र दोनदा दाखवू. बारावर भागतं. आणि तीच चाल फिरून फिरून वापरायची.”

मी हळूच म्हटलं की मला चित्रकला येत नाही, मला फार तर रेघा गिरवायला द्या.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “तिकडेही बायका आहेत, बाई,” ते म्हणाले. मला ते ‘बाई’ म्हणत, अहोजाहो करत, जणू मी शाळामास्तरीण होते. “शेकड्यांनी आहेत. वेगळ्या इमारतीत बसवतात, हातात पांढरे मोजे घालून. पुरुषांनी काढलेल्या रेघा कचकड्याच्या पारदर्शक तावावर गिरवायच्या आणि रंग भरायचे. हात इतका स्थिर की केसाएवढी रेघ ओढावी. पण चित्र हलवायचं काम मागितलं तर सांगतात, ते बायकांचं नव्हे. म्हणून तुम्ही हलवा. आधी माणसं पानापानावर झाडंसुद्धा पुन्हा पुन्हा काढत होती. मागचं दृश्य एकदाच काढून वर कचकडा ठेवायची युक्ती निघाली आणि हजारो झाडं वाचली. ही युक्ती काढणाऱ्याचं नाव तरी कुणाला ठाऊक आहे? एकदा तिकडची चित्रं काढणारी माणसं कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊन उभी राहिली होती, हातात पाट्या घेऊन. पाट्यांवरची चित्रं मात्र झकास होती म्हणे.”

मी मधली चित्रं काढू लागले. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दोनशेच्या वर काढली. पहिल्यांदा गठ्ठा अंगठ्यानं सोडला आणि कागदावरची बाई वाकली, तिनं रोप लावलं, पाऊल टाकलं, पुन्हा वाकली. माझ्या आयुष्यात माझ्या सांगण्यावरून तोवर काहीच हललं नव्हतं.

गिरणीत एक बाई येत असे, तूस झाडायला आणि कण्या पाखडायला. गावाबाहेरच्या वाडीतली, स्वतःची जमीन नाही, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची. सगळे तिला काळूची आय म्हणत. त्या दुपारी ती सूप घेऊन दारात उभी राहिली आणि मास्तर गठ्ठा सोडत होते तिकडे पाहू लागली. पाहता पाहता तिनं सूप खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसून हसायला लागली. पदर तोंडात घातला तरी हसू थांबेना.

“काय झालं?” मी विचारलं.

“ही बाय कुठली गो?”

“कुठली म्हणजे? शेतकरीण आहे,” मास्तर म्हणाले.

“येडी हाय. लावते नि त्याच्यावरशीच चालते. आपलाच रोप तुडवते नं.”

मास्तरांनी गठ्ठा पुन्हा सोडला. बाई रोप लावत होती आणि ऐटीत पुढे पाऊल टाकत होती, नुकत्याच लावलेल्या रोपावर.

“मग कसं चालायचं?”

“मागं,” काळूची आय म्हणाली. “आवनीला मानूस मागं जातं. फुडं लावायचा नि मागं सरायचा. तुमी कदी बगितलाव नाय?”

मी पाहिलं होतं. दर पावसाळ्यात एसटीच्या खिडकीतून, आमच्या मागल्या दारातून पाहिलं होतं. वाकलेल्या बायांच्या रांगा, हिरवं, पाणी. कोणत्या बाजूला सरकतात ते कधी माझ्या डोळ्यांत शिरलं नाही. मुंबईच्या कचेरीनं पाठवलेल्या सहा चित्रांत बाई पुढे जात होती, आणि मी तिला पुढे नेली. मास्तरांचं तर तोंड उतरलं. सगळ्या तालुक्याच्या शिंका मोजणारा माणूस, पण काम आलं ऐन उन्हाळ्यात आणि लावणी मोजायला शेतात कोणी नव्हतं, तेव्हा त्यांनी कागदावर विश्वास ठेवला होता.

त्यांनी गळ्यातलं घड्याळ काढलं आणि जमिनीवर तूस पसरलं. पेंढ्याच्या काड्यांची जुडी करून काळूच्या आयच्या हातात दिली. “दाखवा.”

तिनं लुगडं खोचलं, वाकली. डावं कोपर मांडीवर टेकलं, जुडीतून अंगठ्यानं दोन-तीन काड्या सुट्या केल्या, तुसात खुपसल्या. चार वेळा तसं केलं आणि मागे सरली.

“पुन्हा,” मास्तर म्हणाले.

तिनं पुन्हा केलं.

“पुन्हा एकदा. पाय मला दिसला नाही.”

“पाय उचलायचाच नाय. चिखलातनं वढायचा. उचललास का पडलास.” आणि पाचव्यांदा सांगितल्यावर, “तुज्यापरास मुकादम बरा रे मास्तर. त्यो एकदाच शिव्या देतो.”

जुनी सगळी चित्रं मास्तरांनी तिला चुलीला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिनं सांगितलं, “बरी जळतात.” आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी मधलं चित्र अडलं की मी तिला विचारत असे. मान कुठे असते, कंबर दुखली की हात कुठे जातो. ती पाखडता पाखडता उठून दाखवी. जुलैत मास्तर बांधावर छत्री धरून उभे राहिले आणि खऱ्या लावणीशी ताडून पाहिलं. दोनच चित्रं बदलावी लागली.

शेवटी राहिली नावांची पाटी. मास्तरांनी एक कोरा कागद खिळ्यांवर बसवला आणि काळूच्या आयला विचारलं, “तुमचं नाव?”

“काळूची आय लिवा.”

“ते काळूचं नाव झालं. तुमचं?”

ती माझ्याकडे बघून हसली, मग तिनं इकडेतिकडे बघितलं. “माजा कशाला? मी काय केला?”

“चाल तुमची आहे,” मास्तर म्हणाले.

तिनं नाव सांगितलं, इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. मग म्हणाली, “लगीन झाल्यापास्नं कुनी हाक नाय मारली त्या नावानं.” मास्तरांनी ते सगळ्यात वर लिहिलं. त्याखाली माझं लिहायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, माझं नको. वडिलांना आवडणार नाही, लोक बोलतील, आणि मलाच ते पाहवणार नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं.

“तुमचं नाव काढलं तर त्यांचंही काढावं लागेल,” ते म्हणाले. “नियम तसा आहे. काढू?”

मी खोडरबर उचलून कोनाड्यात ठेवलं.

भाद्रपदात मुंबईचे साहेब जीपमधून आले. मास्तरांनी गठ्ठे सोडून दाखवले. साहेब खूश झाले. सुंदर आहे म्हणाले, अगदी जिवंत आहे म्हणाले, फक्त दोन किरकोळ गोष्टी बदलायच्या. एक म्हणजे ही नावांची पाटी. कचेरीचं नाव येणारच आहे, मग ही मोलकरणींची नावं कशाला. आणि दुसरं म्हणजे बाई मागे चालते आहे, ती पुढे चालायला हवी.

“लावणी मागे चालत करतात,” मास्तर म्हणाले.

“असेल. पण हे प्रगतीचं चित्र आहे. सगळा देश पुढे चाललाय आणि आमची बाई मागे मागे जाते, हे दिसायला बरं नाही. आमची पहिली सहा चित्रं बघा, त्यात बरोबर होतं.”

मास्तरांनी गठ्ठे चाळले आणि आपली टोकं तेवढी वेगळी करून साहेबांपुढे ठेवली. “ही माझी. न्या.”

“आणि बाकीची?”

“बाकीची माझी नाहीत. ज्यांची आहेत त्यांना विचारा.”

साहेबांना आधी ती थट्टा वाटली. मग कळलं की दोन टोकांवर बाई चालत नाही, नुसती इथून तिथे उडी मारते, आणि टोकंही ते तिथेच ठेवून गेले. मधल्या चित्रांचे गठ्ठे मास्तरांनी त्याच दुपारी मला देऊन टाकले आणि मी ते घरी नेऊन माझ्या ट्रंकेत ठेवले.

संध्याकाळी जीप आमच्या दाराशी आली. वडील खुर्चीच्या कडेवर बसले, जसे वरिष्ठांसमोर बसत. आईनं चहा पाठवला आणि दाराआड उभी राहिली. साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. माझ्या शाळेचं नाव ऐकून त्यांना आनंद झाला होता. अशा गुणी मुलीनं एका हट्टी म्हाताऱ्याच्या नादी लागू नये, मुंबईला ये, तुला शिकवण्याची व्यवस्था करू. इंग्रजीत मला उत्तर येत होतं. नन्सनी शिकवलं होतं तसं गोड, लांबलचक, ज्यातून हो की नाही ते कळत नाही. ते अगदी ओठांवर आलं होतं. पण ते आईला कळलं नसतं. काळूच्या आयला तर नाहीच.

मी मराठीत बोलले. “नावं राहिली तर चित्रं देईन. आणि ती मागेच चालेल.”

“तुमच्या मुलीला समजवा,” साहेब वडिलांना म्हणाले. “तुम्हीही सरकारी नोकरीत आहात.”

मी खिडकीचा गज घट्ट धरला. वडील माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी कप साहेबांच्या बाजूला सरकवला.

“साहेब, चहा निवतोय,” म्हणाले.

याहून जास्त ते काही बोलले नाहीत. साहेब गेल्यावर माझ्याशीही बोलले नाहीत, चार दिवस. पाचव्या दिवशी पानावर बसताना विचारलं, “खरंच मागे चालतात?”

“हो.”

“बावीस वर्षं मी या तालुक्याच्या पिकांची आणेवारी लिहितोय,” ते म्हणाले आणि भातावर वरण घेतलं.

त्या कचेरीनं कार्टून मुंबईतच दुसऱ्यांकडून करून घेतलं. पौषात जवळच्या म्हसा गावच्या जत्रेत ते लागलं. दिवेलागणीनंतर प्रचाराची मोटार आली, मोठा पांढरा पडदा लागला, बैलबाजारातली झाडून सगळी माणसं पडद्यासमोर येऊन बसली. मी आईबरोबर बायकांत होते, मास्तर मागे एका बैलगाडीच्या जुवावर बसले होते. पडद्यावर बाई आली. गोरी, गोल गालांची, रेघ फार सफाईदार. हसत हसत तिनं रोप लावलं आणि हसत हसत पुढे पाऊल टाकलं.

माझ्या मागून एक बाईमाणूस म्हणालं, “तुडवला गो.”

बाईनं दुसरं रोप लावलं आणि तेही तुडवलं. तिसऱ्याला सगळी जत्रा हसत होती. पुरुष मांडीवर थापा मारत होते. कर्ण्यावरचा आवाज म्हणाला, शांतता राखा, ही सुधारित पद्धत आहे. कोणीतरी ओरडून सांगितलं, “आधी तिला बांधावर घे रे, मग सांग तुजी पद्धत.” पुढे ओळीचं काय, दोरीचं काय, ते कोणी ऐकलं नाही. मी मागे वळून पाहिलं. मास्तर हसत नव्हते. पडद्याकडे बोट करून ते शेजारच्या गाडीवानाला काही सांगत होते. नंतर कळलं, ते म्हणत होते, “काढणाऱ्याचा हात चांगला आहे. नाव लिहिलेलं नाही बिचाऱ्याचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जत्रेत, घोंगड्यांच्या दुकानांच्या टोकाला, मास्तरांनी आपली पेटी मांडली. गाड्या करणाऱ्या सुतारानं ती दिवाळीपासून खपून केली होती. आत लाकडी चाक, चाकावर पुस्तकाच्या पानांसारखी उभी लावलेली आमची सगळी चित्रं, बाहेर सायकलच्या पायंडलाचा दांडा. भोकाला डोळा लावून दांडा फिरवला की पानं एकेक करून पडत आणि बाई चालू लागे. पुढेमागे दोन्हीकडे फिरायचं. पहिलं पान नावांचं होतं. मास्तरांनी त्यावर सुताराचं नाव वाढवलं होतं. आपलं लिहिलं नव्हतं.

आदल्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पेन्सिल घेतली आणि माझ्या पाहुण्या मराठी अक्षरांत ते शेवटी लिहिलं. ते नको म्हणाले. “काढलं तर चारही काढावी लागतील,” मी म्हटलं. “काढू?”

त्यांनी घड्याळाची कळ दाबली, बंद केली, पुन्हा दाबली. मग पेटीचं झाकण लावलं.

पाहायला पैसे पडत नव्हते. अट एकच होती. आधी नावं वाचायची, मोठ्यानं. वाचता येत नसेल तर मास्तर वाचत आणि माणसानं मागून म्हणायचं, मग डोळा लावायचा. सकाळी आठापासून रांग लागली. घोंगडीवाले, बैलांचे दलाल, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, शहापुराकडून चालत आलेली माणसं, सगळे माझं नाव घेत होते. कोणी नीट, कोणी मोडून. मी पेटीच्या आडोशाला खाली मान घालून उभी होते, कान तापले होते. दुपारपर्यंत ते नाव इतक्या तोंडांतून गेलं की मला त्याची लाज वाटेनाशी झाली. मान कधी वर केली ते कळलंसुद्धा नाही.

पुढे दोन वर्षांनी मास्तर गिरणी सोडून गेले. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परदेशी नावांची वही माझ्याकडे आहे. काही प्रश्नचिन्हं अजून तशीच आहेत. लग्नात हसणाऱ्यांना हे सगळं माहीत नव्हतं, आणि मी तिथे सांगितलं नाही ते चुकलं.

जत्रेच्या त्या दिवशी काळूची आय दुपारी उन्हं कलल्यावर आली, पाटीत विकत घेतलेलं मडकं घेऊन. मास्तरांनी नावं वाचली. पहिलं नाव आलं तशी रांगेतल्या तिच्या वाडीच्या बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. तिनं मडकं माझ्याकडे दिलं, डोळा लावला आणि दांडा फिरवला. शेवटपर्यंत पाहिलं. मग मान बाजूला घेऊन मला विचारलं, “माजा नाव कुठला?”

“सगळ्यात वरचं. पहिल्या पानावर.”

तिनं पुन्हा डोळा लावला आणि दांडा उलटा फिरवायला लागली. मी आत पाहिलं नव्हतं, पण काय दिसत असेल ते मला ठाऊक होतं. टोकं सोडली तर एकेक पान मीच काढलेलं. बाई पुढे येत होती आणि लावलेली रोपं एकेक करून परत तिच्या हातातल्या जुडीत जात होती. शेत मोकळं होत होतं. काळूची आय आपल्याशीच खुदखुदली.

“आता उपटाय लागली,” म्हणाली.

मागून एका दलालानं आवाज दिला. “आटप गो बाय. आमाला पन बगू दे.”

तिनं भोकावरचा डोळा काढला नाही. दांड्यावरचा हातही काढला नाही.

“थांब रे,” ती म्हणाली. “माजा नाव येतंय.”